वेग वाढला की स्टिअरिंग जड का होतं?

स्टिअरिंगला सगळ्यात जास्त जोर लागतो तो गाडी उभी असताना. टायर जागच्या जागी रस्त्यावर घासत वळतो; पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर अरुंद गल्लीतून उलटी काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी चालू लागली की हा जोर झपाट्याने उतरतो. ताशी १०० किमीला तर स्टिअरिंग जरासं हललं तरी गाडी लेन सोडते. म्हणजे मदत हवी ती संथ वेगाला, आणि वेगात ती जवळपास नसलेलीच बरी. यातला पहिला भाग लवकर सुटला, दुसऱ्याला मात्र बराच वेळ लागला.

अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकचं काम पाहिलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्ये गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, म्हणजे पंपाने दिलेल्या तेलाच्या दाबाने वळवायला मदत करणारं स्टिअरिंग, बसवून दाखवलं. जनरल मोटर्सने रस घेतला, पण महामंदीत बेत गुंडाळला. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या अवजड गाड्यांत गेलं. ग्राहकाच्या कारमध्ये यायला १९५१ उजाडलं: क्रायस्लर इम्पीरियल, तीही डेव्हिसच्या पेटंटची मुदत संपल्यावर.

गोम पंपात होती. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरणार, म्हणजे पार्किंगला इंजिन मंद असताना तेलाचा प्रवाह कमी आणि हायवेला भरपूर. गरजेच्या बरोब्बर उलट. जादा तेल परत फिरवणारी झडप बसवून प्रवाह आवरला, तरी मदत सगळ्या वेगांना जवळपास सारखीच राहिली. त्या काळच्या मोठ्या अमेरिकन गाड्या एका बोटाने वळत, पण पुढच्या चाकांखाली काय चाललंय ते हाताला कळत नसे.

यावर सगळ्यात धाडसी उत्तर फ्रान्समधून आलं. १९७० च्या सित्रोएन एसएम या गाडीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दोन वेढे फिरे. इतकं तेज स्टिअरिंग ताशी २०० किमीला हलकं ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून यंत्रणेत पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा एक कॅम (स्टिअरिंगबरोबर फिरणारी चकती) होता आणि त्याच्या खाचेत रोलर दाबून धरणारा दट्ट्या. दट्ट्यामागचा तेलाचा दाब गिअरबॉक्सवरून फिरणारा गव्हर्नर (वेगानुसार दाब बदलणारा नियंत्रक) ठरवी: वेग वाढला की दाब वाढे, स्टिअरिंग जड होई आणि मध्याकडे ओढलं जाई. इंजिन चालू असेल तर उभ्या गाडीतही ते सोडलं की आपोआप सरळ होई. नवख्याची यात भंबेरी उडायची. हाताला लागणारा जडपणा रस्त्याचा नव्हता, कारखान्यात ठरवलेला होता. मला तर ही त्या काळातली सर्वांत प्रामाणिक लबाडी वाटते.

ऐंशीच्या दशकात जर्मनीच्या झेडएफ कंपनीने ‘सर्व्होट्रॉनिक’ या स्टिअरिंगमध्ये हेच काम स्पीडोमीटरच्या सिग्नलवर चालणाऱ्या विद्युत झडपेकडे दिलं. १९८८ मध्ये सुझुकीने जपानमधल्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत पंपच काढला आणि स्टिअरिंग कॉलमवर मोटर बसवली. छोट्या इंजिनला सतत फिरणारा पंप परवडत नाही. मोटर वळवतानाच वीज खाते.

आजच्या बहुतेक गाड्यांत हीच पद्धत आहे. तुम्ही स्टिअरिंगला दिलेला पीळ सेन्सर मोजतो, त्यात वेगाचा आकडा मिसळून कॉम्प्युटर मोटरचा करंट ठरवतो. वेग वाढला की करंट कमी. हायवेला जाणवणारा ‘घट्टपणा’ बराचसा या कमी केलेल्या मदतीचाच असतो, आणि ‘स्पोर्ट’चं बटण दाबल्यावर स्टिअरिंग जड लागतं तेव्हाही बहुधा कुठल्या वेगाला किती मदत द्यायची हा कॉम्प्युटरमधला आकड्यांचा तक्ताच बदललेला असतो.