लोककार्यात वजनदार व्यक्तींचा सहभाग (बेळगाव सीमाभाग)

तळ्यातील गाळ काढणे, शाळेच्या खोल्या बांधणे, मंदिराचा जीर्णोद्धार करणे अशा कामांत, ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे अशा माणसांना सुरुवातीपासून सामील करून घेण्याची रीत. बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील मराठी भाषक गावांत हे वजन केवळ पदावरून ठरत नाही. पाटीलकीसारखी वंशपरंपरागत वतने १९६१ च्या कायद्याने रद्द झाली, तरी जुन्या घराण्यांचा मान अनेक ठिकाणी टिकून आहे. त्याच्या जोडीला देवस्थान पंच कमिटी, ग्रामपंचायत सदस्य, निवृत्त शिक्षक व सैनिक आणि महिला मंडळाच्या प्रमुख यांचेही ऐकले जाते.

बेळगावातील कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था हे या रीतीचे ठळक उदाहरण होय. १९१६ साली सात शिक्षकांनी ती स्थापन केली आणि पुढे वंटमुरीचे राजा लखमगौडा यांच्यासारख्या दात्यांचे पाठबळ तिला लाभले. त्यांचे नाव संस्थेच्या विज्ञान महाविद्यालयाला आहे. कष्ट करणारे आणि वजन असणारे येथे एकत्र आले, म्हणून संस्था वाढली.

गावपातळीवर निर्णायक ठरते ती विचारण्याची वेळ. आराखडा पक्का झाल्यावर पंचांना केवळ नारळ फोडायला बोलावले, तर ते येतात, पण काम आपले मानत नाहीत. गाळ काढण्यापूर्वीच त्यांना तळ्याच्या काठावर नेले, तर गाळ कोणाच्या शेतात जाणार, ट्रॅक्टर कोण देणार, डिझेलचा खर्च कोणी सोसायचा आणि काठावरचे अतिक्रमण कोणी हटवायला सांगायचे, हे तिथेच ठरते. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड असतो, कारण अतिक्रमण करणारा बहुधा भावकीतलाच निघतो. तिथे अधिकाऱ्याच्या नोटिशीपेक्षा वडीलधाऱ्याचा शब्द लवकर लागू पडतो.

या रीतीचा धोकाही खरा आहे. वजनदार माणूस कामाची जागा आपल्या गल्लीकडे ओढतो, आणि दलित वस्तीतील किंवा भूमिहीन कुटुंबांतील माणसे मंदिरातल्या बैठकीत बोलत नाहीत, कित्येकदा येतही नाहीत. म्हणून जाणते कार्यकर्ते वस्तीत वेगळी बैठक घेतात, मराठी व कन्नड दोन्ही भाषकांना पत्रक समजेल असे पाहतात आणि वर्गणीचा हिशेब मंदिराच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवतात. त्या फळ्यावर पाटलांचे पाच हजार आणि विधवा मजूर बाईचे पन्नास एकाखाली एक, सारख्याच अक्षरात लिहिलेले असतात.