गुळाचा चहा, लेव्हीची साखर

सांगली, कराड, सातारा, कुठंही जा, ‘गुळाचा चहा’ असे फलक दिसतात. वर ‘पारंपरिक’ असंही लिहिलेलं असतं. परंपरा खरी आहे, पण ती टंचाईची. कृष्णाकाठच्या घरांत पाहुण्याला साखरेचा आणि घरच्यांना गुळाचा, अशी रीत होती. डबा रिकामा असला तर पाहुणा सोप्यात बसलेला असतानाच शेजारून वाटीभर साखर उसनी यायची. गुळाचा चहा बहुतेक वेळा कोराच. दुधासकट उकळला तर फाटतो, म्हणून दूध घालायचंच तर वेगळं तापवून वरून.

१९३० च्या दशकातल्या मंदीत चहाची परदेशी मागणी घटली, तेव्हा चहामळेवाल्यांनी देशी गिऱ्हाइकाकडे जोरात लक्ष वळवलं. पुढं सीटीसीची, म्हणजे यंत्रात चिरडून दाणेदार केलेली स्वस्त, कडक पत्ती आली आणि दूध-साखरेचा चहा गावोगाव पोचला.

त्यासाठी लागणारी साखर आपल्याकडचीच. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने उभे राहिले आणि १९६७ मध्ये केंद्रानं ठरवलं, की उत्पादनातली ६० टक्के साखर ‘लेव्ही’ म्हणून सरकारी भावानं द्यायची, उरलेली खुल्या बाजारात विकायची. या निर्णयावर वर्षानुवर्षं भांडण झालं. रेशनच्या साखरेनं गरिबाचा चहा गोड झाला, हे नाकारता येत नाही. पण लेव्हीचा भाव बाजारापेक्षा कमी, आणि त्या फरकाचा भार शेवटी उसाच्या बिलावर. खुल्या विक्रीतून भरपाई होते, सभासदाला सवलतीची साखर मिळते, असं उत्तर दिलं जायचं. थंडीत रात्रपाळीची वीज गाठून उसाला पाण्याची दारं धरणाऱ्या शेतकऱ्याचं त्यानं समाधान कसं व्हावं? शहरातला कप स्वस्त राहावा म्हणून त्यानं कमी दर घ्यायचा, हा न्याय नव्हता.

लेव्हीचं प्रमाण पुढं बदलत दहा टक्क्यांवर आलं आणि २०१३ मध्ये ही सक्ती उठली. २०१८ मध्ये तर केंद्रानंच साखरेला किमान विक्री दर ठरवून दिला, किलोला २९ रुपये. पुढच्या वर्षी तो ३१ झाला.

गुळाचे दिवस आता पालटलेत, पण गुऱ्हाळवाल्याची अडचण वेगळीच आहे. सौद्यात पिवळ्याधमक ढेपेला भाव चढतो, गडद ढेप मागं पडते. म्हणून काहिलीत रंग उजळवणारी हायड्रॉस पावडर पडते. टपरीवर आणि दुकानात गिऱ्हाइकानं गडद, तांबूस गूळ मागायला लागावं. मग सौद्यातही त्याला भाव येईल आणि पावडरीचं कारणच उरणार नाही.