टेस्टमधला क्लिक : कोणता खरा, कोणता खोटा

वेबपान नीट चालतं का हे तपासणारा प्रोग्राम म्हणजे टेस्ट; तिथे क्लिक माणूस नाही, स्क्रिप्ट करते. स्क्रिप्टमधून माऊसचा इव्हेंट (काही घडल्याची पानाला जाणारी वर्दी) उठवायची अधिकृत सोय नोव्हेंबर २००० मध्ये डॉम लेव्हल २ या वेबच्या मानकाबरोबर आली. 'इनिटमाऊसइव्हेंट'ला ओळीने १५ पॅरामीटर द्यायचे आणि इव्हेंट एलिमेंटवर, म्हणजे पानावरच्या बटणासारख्या घटकावर, डिस्पॅच करायचा (पाठवायचा). पंधरांतला एखादा मागेपुढे झाला की बऱ्याचदा एरर न येता भलताच इव्हेंट जायचा. इंटरनेट एक्सप्लोररचा संसार वेगळा. तिथे 'फायरइव्हेंट', आणि माऊसडाऊनमध्ये (माऊसचं बटण दाबल्याच्या इव्हेंटमध्ये) डावं बटण म्हणजे १. मानकात तेच ०. २०११ साली त्याची नववी आवृत्ती आली, तेव्हा कुठे दोन्हीकडे एकच कोड चालायला लागला.

खरा गुंता 'सिम्युलेट' या शब्दाचा. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत माऊसडाऊन 'ट्रिगर' केला तर जेक्वेरीने बांधलेले हँडलर (इव्हेंट आल्यावर चालणारा कोड) चालायचे, थेट ब्राउझरच्या 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर'ने लावलेल्याला पत्ताच नसायचा. रिअ‍ॅक्टच्या (हीही लायब्ररीच) जुन्या टेस्ट युटिल्समधलं 'सिम्युलेट' तर ब्राउझरचा इव्हेंट तयारच करत नव्हतं, परस्पर हँडलर गाठायचं. शब्द एक, कामं तीन (डिस्पॅच, ट्रिगर, सिम्युलेट), आणि टेस्ट तिन्हीकडे हिरवीच, म्हणजे पास.

त्याहून जास्त वाद इव्हेंटवरच्या 'इजट्रस्टेड' या खुणेवरून. माणसाच्या हाताने आलेल्या इव्हेंटवर हा गुण खरा असतो, स्क्रिप्टने डिस्पॅच केलेल्यावर खोटा, आणि स्क्रिप्टला तो बदलता येत नाही. नियम असा की खोट्या इव्हेंटने ब्राउझरची स्वतःची कृती घडू नये. अपवाद मुख्यतः क्लिकचा : खोट्या क्लिकनेही चेकबॉक्सवर टिक होते, फॉर्म सबमिट होतो. 'क्लिक()' ही मेथड १९९८ पासून इनपुटवर होतीच, तिच्यावर उभी राहिलेली पानं मोडायची कोण? कारण समजतं. पण माझ्या मते सगळ्यांची सवय बिघडवली ती याच सवलतीने. क्लिक चालतो म्हटल्यावर माऊसडाऊनही चालणार, असं आम्ही गृहीतच धरलं.

त्याची किंमत २०१६ मध्ये कळली. जळगावच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी केलेल्या पानावर तालुक्यांची यादी होती : रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर. टेस्ट खोटा माऊसडाऊन पाठवून ती यादी उघडायची आणि क्रोममध्ये ती खरंच उघडायची. आवृत्ती ५३ आली, क्रोमने नियम काटेकोर पाळायला सुरुवात केली आणि सकाळी बघतो तर सगळं लाल. शेजारच्या खुर्चीतून "काय व्हयनं भो?" व्यापाऱ्याकडे मात्र पान व्यवस्थित चालू होतं. मोडलं होतं ते फक्त आमचं सोंग.

उलट बाजूही तितकीच फसवी. बटणावर 'थांबा'चा पडदा पसरलेला असला, तरी स्क्रिप्टचा क्लिक थेट बटणापर्यंत पोचतो. माणसाचं बोट पडद्यावरच अडलं असतं.

यातूनच बाहेरून ब्राउझर चालवायची पद्धत रुजली. त्यासाठीचा वेबड्रायव्हर २०१८ मध्ये मानक झाला. तिथला क्लिक ब्राउझरच्या आतल्या वाटेने येतो, म्हणून 'इजट्रस्टेड' खरा निघतो. पण युनिट टेस्टला, म्हणजे कोडचा एकेक छोटा तुकडा तपासणाऱ्या टेस्टला, इतका पसारा परवडत नाही. ती बहुधा जेएसडॉम या ब्राउझरच्या नकलेत चालते, जिथे लेआउटच (पानाची मांडणी) नाही : कुठल्याही एलिमेंटची लांबी-रुंदी विचारा, उत्तर शून्य. त्यामुळे पडदा वर आहे की खाली, हा प्रश्नच तिथे उठत नाही. नव्या लायब्ररींनी निदान क्रम पाळायला घेतला : आधी पॉइंटरडाऊन, माऊसडाऊन, मग फोकस, पुढे पॉइंटरअप, माऊसअप, शेवटी क्लिक.

पंधरा पॅरामीटरची जागा आता 'माऊसइव्हेंट' कन्स्ट्रक्टरने घेतली आहे. हवं तेवढंच लिहायचं. मात्र 'बबल्स' (इव्हेंट वरच्या एलिमेंटकडे चढावा का) न लिहिल्यास तो फॉल्स धरला जातो आणि वरच्या एलिमेंटवर बसलेला हँडलर गप्प राहतो. जुन्या पद्धतीत तो पॅरामीटर द्यावाच लागायचा.

तालुक्याची टेस्ट आम्ही शेवटी यादी न उघडताच लिहिली : व्हॅल्यू 'रावेर' ठेवली आणि 'चेंज' इव्हेंट पाठवला, बबल्स ट्रू लिहून.