नागपुरात कंपनीच्या ग्रुपसाठी हेरिटेज वॉक काढायचाय? परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रं, सगळं एका जागी

दिवाळीच्या आसपास फोन सुरू होतात. मिहानमधली नाही तर बुटीबोरीची कुठली तरी कंपनी, एचआरमधलं कोणीतरी बोलत असतं, चाळीस जणांचा ग्रुप आहे, शनिवारी सकाळी जुनं नागपूर दाखवा. आणि जे नवीन लोक यात उतरून राहिले त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, याचं लायसन्स कुठं मिळते?

तर "शहर पायी दाखवण्याचं लायसन्स" देणारी एक खिडकी कुठंच नाही. परवानगी लागते ती तुम्ही कुठं थांबता, आवाज कशानं करता आणि कोणता दिवस निवडता यावर. म्हणून आधी रूट कागदावर काढा, प्रत्येक थांब्यापुढं ती जागा कोणाच्या ताब्यात आहे ते लिहा, अर्ज कोणाकडे करायचा ते त्या कागदावरच दिसते. त्याउपर कंपनी स्वतः जे कागद मागते तो वेगळा गठ्ठा आहे आणि बहुतेकांचं काम तिथंच अडते.

गाइड कोण होऊ शकतं

रस्त्यावरून, चौकातून, बाहेरून इमारती दाखवत फिरवायला शिक्षणाची सरकारी अट नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन कोर्स आहे, त्याला साधारण बारावी पास लागते, तो केला तर कंपनीपुढं वजन पडते, पण महाल या जुन्या वस्तीतून चालायला तो सक्तीचा नाही. सक्ती येते ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकात. तिथं पैसे घेऊन पाहुण्यांना स्मारक दाखवायचं तर त्यांचं लायसन्स पाहिजेच. निळी पाटी दिसली की समजून घ्या, आत तुमचं बोलणं बंद, नाही तर लायसन्सवाला गाइड सोबत घ्या.

कंपन्या आजकाल गाइडचं पोलीस क्लिअरन्स, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला, मागतात, विशेषतः ग्रुपमध्ये महिला कर्मचारी असल्या की. ते मागणं बरोबरच आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात कर्मचारी कामानिमित्त जिथं जातो ती जागा आणि कंपनीनं दिलेली गाडी हे दोन्ही कामाचं ठिकाणच धरलं आहे, म्हणजे तुमच्या वॉकलाही तो कायदा लागतो. क्लिअरन्सचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो, मग ठाण्यातून पडताळणी होते. वेळ लागतो, वॉकच्या आठवड्यात अर्ज करून काही उपयोग नाही, सीझन सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवा.

थांबे आणि त्यांच्या परवानग्या

माझा आवडता रूट महालाचा. गांधीगेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, तिथून सुरुवात, मग चिटणीस पार्क, भोसले वाड्याचा परिसर, बडकस चौक, चितारओळ आणि तिथून इतवारीकडे. १७०२ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं राजापूर बारसा म्हणत त्या बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं, पुढं रघुजी भोसल्यांनी ते राजधानीचं शहर केलं, हे सगळं उभं राहून सांगायला या गल्ल्यांसारखी जागा नाही. फुटपाथवरून चालायला परवानगी लागत नाही. पण चाळीस माणसं चौकात पंधरा मिनिटं उभी राहिली की रस्ता अडतो, आणि महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात जमावबंदीचे आदेश निघत असतात, ते तेव्हा लागू आहेत का हे तुम्हाला माहीत पाहिजे. म्हणून ठाण्यात एक पत्र द्यायचंच.

पत्र साधं असावं. तारीख, वेळ, माणसं किती, कुठून कुठं जाणार, कुठं किती मिनिटं थांबणार, कंपनीचं नाव, जबाबदार माणसाचा मोबाइल, आणि "मिरवणूक, घोषणा, ध्वनिक्षेपक नाही" हे एक वाक्य स्पष्ट. सोबत कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र, तुमच्या आधारची झेरॉक्स आणि हातानं काढला तरी चालेल असा रूटचा नकाशा. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का मारून पोच घ्या. एक गोष्ट लोक विसरतात, महाल कोतवाली ठाण्यात येते आणि इतवारीकडे गेलं की तहसील ठाणं लागते, म्हणजे रूट दोन्हीकडचा असेल तर पत्रंही दोन. सीताबर्डीचं ठाणं पुन्हा वेगळं.

भोसले वाडा खाजगी आहे. आत जायचं असेल तर मालकांकडे आधी लेखी विचारा, हो म्हटलं तर किती माणसं आणि फोटो चालतील का हेही लेखीच घ्या. काही देवळांच्या आवारातही मोठा ग्रुप न्यायचा तर ट्रस्टला कळवणं बरं, आरतीच्या वेळेला चाळीस पाहुणे घेऊन घुसणं योग्य नाही. महालातच संघाचं मुख्यालय आहे, तिथं कडक बंदोबस्त असतो, त्या गल्लीत फोटो काढू नका हे ग्रुपला आधीच सांगून ठेवा.

दुसरा रूट झिरो माइलचा. इथं चार घोडे आणि इंग्रजांच्या जमीनमोजणीच्या काळातला खांब आहे, दगडावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशी अंतरं कोरलेली आहेत. इथं एक कळकळीची विनंती, हा भारताचा अगदी भौगोलिक मध्य आहे असं ठासून सांगू नका. मोजणीसाठीचा दगड म्हणून त्याची गोष्ट पुरेशी मोठी आहे, आणि ग्रुपात एखादा सिव्हिल इंजिनिअर असला की तो विचारतेच. पुढं विधानभवन, जीपीओ, हायकोर्ट हे फक्त बाहेरून. कोर्टाच्या आवारात ग्रुप नेऊ नका.

मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासूनचा. सोमवारी बंद. बाकी दिवशी तिकीट काढून जाता येते, पण ग्रुप मोठा असेल तर अभिरक्षकांच्या नावानं आठवडाभर आधी पत्र द्या, दोन तुकड्या करून आत सोडायला सोपं जाते.

सीताबर्डीचा किल्ला सगळ्यांना पाहिजे असतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई त्याच टेकड्यांवर झाली, त्यामुळं हौस समजते. पण किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी उघडतात, ओळखपत्र जवळ ठेवायचं, गर्दी प्रचंड. इतर दिवशी लष्कराच्या लेखी परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून ती हातात नसताना कोटेशनमध्ये किल्ला टाकू नका. "बघू, ओळख आहे" असं म्हणून कंपनीला आश्वासन देणारे लोक मी बघितले आहेत आणि मग चाळीस माणसं गेटवर उभी राहतात.

दीक्षाभूमी मी कधीच घाईच्या रूटमध्ये घालत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती जागा वीस मिनिटांचा थांबा नाही. प्रवेशाला तिकीट नाही, ग्रुप असेल तर स्मारक समितीच्या ऑफिसला कळवा, आत शांतता पाळा, कंपनीचे टी-शर्ट घालून ग्रुप फोटोची घाई करू नका. दसऱ्याच्या आसपास देशभरातून लोक येतात, ते दिवस त्यांचे आहेत, तेव्हा कॉर्पोरेट वॉक ठेवूच नका.

आवाज, बॅनर, तारीख

लाउडस्पीकर लावायचा म्हटलं की २००० चे ध्वनी प्रदूषण नियम आले, लेखी परवानगी आली. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते आणि जुन्या शहरात चालताना असं काही ना काही लागतंच. एकदा कमरेला लावायचा छोटा स्पीकर चालू ठेवून आम्ही एका शाळेसमोर थांबलो, आत परीक्षा सुरू होती, शिक्षिका बाहेर आल्या आणि त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून कानात घालायचे वायरलेस हेडसेट भाड्यानं आणतो, आवाज फक्त ग्रुपला जाते, गल्लीतल्या लोकांचीही सकाळ खराब होत नाही. चाळीस माणसं आणि हेडसेट नाही अशी वेळ आली तर वीस-वीसच्या दोन तुकड्या आणि दोन गाइड करा.

बॅनर बांधायचा नाही. सार्वजनिक जागी बॅनरला महापालिकेची परवानगी लागते, आणि जुन्या भिंतीवर, दरवाजावर काही बांधणं-चिकटवणं तर विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यात येते. हातात धरायचं छोटं बोर्ड चालते.

तारखेबद्दल सांगतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवन, झिरो माइल, सिव्हिल लाइन्स हा सगळा पट्टा मोर्चे आणि बंदोबस्तानं भरलेला असतो, झिरो माइलचा रूट तेव्हा सोडून द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्या दिवशी महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. गणपतीच्या आधीचे दोन आठवडे चितारओळीत मूर्तिकारांची घाई असते, बघायला सुंदर पण ग्रुप छोटा पाहिजे, आठ-दहा जणांचा. एप्रिल, मे, जूनला नाहीच म्हणायचं, कंपनीनं कितीही म्हटलं तरी. आपल्याकडचं ऊन ४५ पर्यंत जाते आणि ऑफिसात एसीत बसणारी माणसं नऊ वाजता भोवळ येऊन पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी पावणेसातला जमायचं, साडेनऊला तर्री पोहे, एवढंच गणित.

कंपनी काय मागते

इथं नीट लक्ष द्या. मोठी कंपनी आधी तुम्हाला व्हेंडर म्हणून नोंदवते, मगच वर्क ऑर्डर निघते. पॅन, कॅन्सल चेक, पत्त्याचा पुरावा, उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी), गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि नसेल तर "माझी उलाढाल मर्यादेच्या आत आहे" असं सही केलेलं डिक्लरेशन. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, त्याखाली असाल तर कोणी घाबरवलं म्हणून काढत बसू नका.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. सर्च केलं की पैसे मागणाऱ्या साइटा वर येतात, त्यात फसू नका, सरकारी पोर्टलचाच पत्ता बघा. कामाचा कोड विचारतात, टूर ऑपरेटर ७९१२ मध्ये येते, नुसतं गाइडचं काम ७९९० मध्ये. उद्यम नोंदणीचा फायदा पेमेंटला होतो. एमएसएमई विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागते, करार नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम नंबर छापा. गुमास्त्याचं म्हणाल तर एकट्या-दुकट्यानं काम करणाऱ्या छोट्या आस्थापनेला पूर्ण नोंदणी नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची, कंपन्या तीच गुमास्ता म्हणून घेतात.

पॅन, बँक खातं आणि उद्यम या तिन्हीवर नाव अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे. माझ्या पॅनवर वडिलांचं नाव मधे होतं, खात्यावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून एका कंपनीनं तीन महिने पैसे अडवले, आणि वॉकवर सोबत आलेल्या दोन पोरांचे पैसे मी घरातून दिले.

बस तुमच्याकडून असेल तर पिवळ्या पाटीचीच घ्या आणि परमिट, विमा, फिटनेसच्या झेरॉक्स कंपनीला द्या. खरं तर महालात बस शिरतच नाही. मिहानकडच्या लोकांना खापरीहून मेट्रोनं थेट झिरो माइलला उतरवता येते, हिंगण्याकडचे लोकमान्य नगरहून सीताबर्डी आणि पुढं त्याच लाइननं चितारओळ चौकापर्यंत येतात. ग्रुपचा अपघाती विमा कंपनीचा आहे का ते मेलवर विचारून घ्या, नसेल तर एका दिवसाचा काढून त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवा. सहभागी लोकांची यादी मागताना नाव, मोबाइल, अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा आणि दमा, बीपी, गुडघे असं काही आहे का एवढंच मागा. चाळीस लोकांची आधार कार्डं जमा करून फोनात ठेवायची काही गरज नाही.

क्रम असा ठेवला की धावपळ होत नाही: महिनाभर आधी रूट आणि कोटेशन, तीन आठवडे आधी व्हेंडर नोंदणी आणि वर्क ऑर्डर, दोन आठवडे आधी ठाणं, वाडा, संग्रहालय यांची पत्रं, आणि आदल्या आठवड्यात त्याच वारी त्याच वेळेला एकट्यानं पूर्ण रूट चालून यायचं, कुठं खोदकाम सुरू आहे, कुठं बाजार भरते, बायका-माणसांना वापरता येईल असं स्वच्छतागृह कुठं उघडं असते ते स्वतः बघायचं. वॉक झाला की दुसऱ्याच दिवशी बिल, वर्क ऑर्डरची प्रत आणि हजेरीच्या सह्यांचा कागद असं एकाच मेलमध्ये पाठवा, कारण ते ४५ दिवस कंपनीनं सेवा स्वीकारली त्या तारखेपासून मोजतात आणि ती तारीख सहीच्या कागदावर असते.