जुना फोटो कॉमन्सवर टाकला आणि डिलीट झाला? कोणता फोटो चालतो, पुरावे काय लागतात, परवानगीचं पत्र कसं असतं

फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे, नेटवर पन्नास ठिकाणी फिरतोय, कोणी काही बोलत नाही, मग कॉपीराइट कसला, असं म्हणून लोक विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाला फोटो पुरवणारं मुक्त फाइलींचं भांडार) ऐतिहासिक फोटो टाकतात आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या चर्चापानावर डिलीशनची नोटीस येऊन पडते. मग रागारागाने तोच फोटो परत अपलोड, परत डिलीट, शेवटी खातंच ब्लॉक. हे इतक्या वेळा बघितलंय की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

अपलोड करणं सोपं आहे. खातं उघडा, अपलोड विझार्डमध्ये फाइल निवडा, नाव-वर्णन-वर्ग भरा, झालं. अडतं ते मधल्या तीन प्रश्नांवर: फोटो कोणी काढला, पहिल्यांदा कुठे आणि कधी छापला गेला, आणि तुम्ही कोणत्या हक्काने देताय.

विझार्ड विचारतो की हे तुमचं स्वतःचं काम आहे का, आणि लोक बिनधास्त हो म्हणतात, कारण स्कॅन त्यांनी केलेलं असतं. स्कॅन करणं म्हणजे फोटो काढणं नाही हो! अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात कोर्टाने म्हटलं की सपाट चित्राची जशीच्या तशी नक्कल केली तर नवा कॉपीराइट तयार होत नाही, आणि युरोपियन युनियनच्या २०१९ च्या निर्देशातही मुक्त झालेल्या, म्हणजे कॉपीराइट संपलेल्या, चित्रांबद्दल तेच आहे. आता हे दोन्ही बाजूंनी लागू होतं. तुम्हाला स्कॅनमुळे हक्क मिळत नाही, आणि एखाद्या संग्रहालयाने मुक्त झालेल्या फोटोवर नुसता आपला वॉटरमार्क मारला म्हणून तो त्यांचाही होत नाही. त्यांच्या साइटच्या अटी तुम्ही मान्य केल्या असतील तर तो तुमचा आणि त्यांचा वेगळा मामला.

रंगवलेला किंवा एआयने चकचकीत केलेला फोटो मात्र टाकू नका. रंग भरणाऱ्याचा हक्क लागतो का यावर आणखी एक वाद सुरू होतो, आणि इतिहास म्हणूनही तो फोटो बिघडलेला असतो. मूळ स्कॅन टाका, डाग असले तरी.

पात्रतेची खरी गोम अशी आहे की फोटो दोन ठिकाणी मुक्त लागतो: जिथे तो पहिल्यांदा प्रसिद्ध झाला त्या देशात, आणि अमेरिकेत, कारण कॉमन्स चालवणारी संस्था तिथली आहे. नुसतं वय बघून काही कळत नाही. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो १९३६ चा, पण तो तिने अमेरिकन सरकारच्या नोकरीत असताना काढला आणि तिथल्या सरकारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टीवर कॉपीराइट नसतो, म्हणून तो पहिल्यापासून मुक्त. त्याच काळात एखाद्या मासिकासाठी खाजगी फोटोग्राफरने काढलेला फोटो अजून अडकलेला असू शकतो. ब्रिटिश सरकारचे १ जून १९५७ च्या आधी काढलेले फोटो मोकळे झालेत. फोटोग्राफर लाला दीनदयाळ १९०५ मध्ये वारले, त्यांच्या हयातीत छापल्या गेलेल्या फोटोंबद्दल कोणी वाद घालत बसत नाही.

भारतीय फोटोंचा घोळ जरा नीट समजून घ्या. १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात फोटोची मुदत प्रसिद्धीपासून मोजायची होती, आधी ५० वर्षं, मग वाढवून ६०. २०१२ च्या दुरुस्तीत फोटोचं ते वेगळं कलमच काढून टाकलं, त्यामुळे आता फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. जे आधीच मुक्त झाले होते ते परत बांधले गेले नाहीत, म्हणजे १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेला फोटो भारतात मोकळा आहे. लोक इथे थांबतात आणि अमेरिका विसरतात! अमेरिकेत बघतात की १ जानेवारी १९९६ ला मूळ देशात हक्क चालू होता का. चालू असेल तर तिथे प्रसिद्धीपासून ९५ वर्षं धरतात. म्हणजे फक्त भारतात १९४८ साली छापलेला वर्तमानपत्रातला फोटो भारतात मुक्त, पण अमेरिकेत २०४३ संपेपर्यंत नाही. हे वाचून डोकं फिरतं, मान्य, पण नोटीस लावणाऱ्या स्वयंसेवकाशी भांडून त्यांचा कायदा बदलत नाही.

आता तो कागद जो कोणाकडेच नसतो, पहिल्या प्रसिद्धीचा पुरावा. तारखेच्या रकान्यात लोक स्कॅन केल्याची तारीख टाकतात, फार तर फोटो काढल्याची, आणि कायदा बऱ्याचदा विचारतो छापल्याची. त्यामुळे प्रिंट उलटी करून बघा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, एजन्सीचं नाव असतं, कधी पेन्सिलने लिहिलेली तारीख असते. मागची बाजूही स्कॅन करून सोबत टाका, या एका गोष्टीने किती फाइली वाचतात. पुस्तकातून घेतला असेल तर शीर्षक, वर्ष, पान नंबर आणि पुस्तकात फोटोचं श्रेय कोणाला दिलंय तेही लिहा. स्रोत म्हणून ‘इंटरनेट’ किंवा ‘पिंटरेस्ट’ लिहिणार असाल तर अपलोडचे कष्ट घेऊच नका. आणि ‘फोटोग्राफर अज्ञात’ म्हणजे मी शोधलं नाही, असं चालत नाही. नाव न देता छापला गेला हे दाखवावं लागतं.

अल्बममधले कधीच न छापलेले फोटो आणखी अवघड. अमेरिकेत अप्रकाशित कामाची मुदत मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि कोणी काढला हे माहीतच नसेल तर काढल्यापासून १२०. फोटो तुमच्या कपाटात आहे म्हणजे तुम्ही कागदाच्या तुकड्याचे मालक, बस. भारतात मात्र कलम १७ मध्ये एक सोय आहे, पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे आजोबांनी स्टुडिओत जाऊन पैसे मोजून काढवून घेतलेला फोटो असेल तर परवानगी आजोबांच्या वारसांनी द्यायची, स्टुडिओच्या नाही. वारस म्हणजे सगळे, एकट्या नातवाने सही ठोकून भागत नाही. दुसऱ्या देशात नियम उलटा असू शकतो, तिथला तपासा.

परवानगीचं पत्र हा दुसरा मोठा खड्डा. फोटोत जी व्यक्ती आहे तिची परवानगी आणून लोक खूश होतात, पण हक्क तिचा नसतोच, काढणाऱ्याचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा असतो. आणि मजकूर! ‘विकिपीडियावर वापरायला आमची हरकत नाही’ एवढं लिहून आणलं की पत्र नापास. कोणीही, कुठेही, व्यापारासाठीसुद्धा वापरू शकतो, बदल करू शकतो, आणि ही परवानगी मागे घेता येत नाही, हे सगळं मान्य असलेला परवाना नावानिशी लिहिलेला लागतो, उदाहरणार्थ क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.०. ‘नॉन-कमर्शियल’ किंवा ‘नो डेरिव्हेटिव्ह’ असलेले परवाने चालत नाहीत. मजकूर स्वतः रचत बसू नका, व्हीआरटीचं (परवानगीचे ईमेल तपासणारा विकिमीडियाचा स्वयंसेवक गट) रिलीज जनरेटर, म्हणजे परवानगीचा मजकूर तयार करून देणारं पान आहे, ते वापरा. ईमेल हक्कदाराने स्वतः पाठवायचा, संस्थेचा फोटो असेल तर संस्थेच्या पत्त्यावरून. तुम्ही फॉरवर्ड केलेला व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट कोणी धरत नाही. आणि हक्कदाराला आधी नीट सांगा की उद्या हा फोटो कोणी कॅलेंडरवर छापून विकू शकतो. ते न सांगता सही घेतली की नंतर घरात भांडणं होतात, आणि दिलेली परवानगी परत घेता येत नाही ती नाहीच.

मुदतींचा गोंधळ असा. परवानगीचा पुरावा नाही अशी नोटीस लागली की ७ दिवस. त्यात ईमेल गेला पाहिजे, आणि फाइलच्या पानावर ‘परमिशन पेंडिंग’ साचा (पानावर लावायची तयार सूचना) लावला पाहिजे. मेल पाठवला आणि साचा लावायचा राहिला तर समोरच्याला कसं कळणार? साचा लावला की साधारण ३० दिवस मिळतात. तिथले लोक स्वयंसेवक आहेत, उत्तराला उशीर होतो, आणि उत्तर यायच्या आधी फाइल उडाली तरी ईमेलला मिळालेला तिकीट नंबर जपून ठेवा, परवानगी पास झाली की फाइल परत आणतात.

फेअर यूजबद्दल (परवानगीशिवाय मर्यादित वापराची कायद्यातली सूट) एकच वाक्य पाठ करा, कॉमन्सवर फेअर यूज चालत नाही, अजिबात. अमेरिकेच्या कायद्यातले चार निकष (वापराचा हेतू, मूळ कामाचं स्वरूप, किती भाग घेतला, बाजारावर परिणाम) हा कोर्टात मांडायचा बचाव आहे, आधी अर्ज करून मंजूर करून घ्यायची गोष्ट नाही. भारतात कलम ५२ मध्ये खाजगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी असे ठरावीक वापर दिलेत. इंग्रजी विकिपीडियावर फेअर यूजखालच्या फोटोंना थेट त्या विकिवर जागा आहे, पण व्यक्ती हयात नसावी, मुक्त पर्याय मिळण्यासारखा नसावा, फाइल छोटी करावी लागते आणि प्रत्येक लेखासाठी वेगळं कारण लिहावं लागतं. न्यूज एजन्सीचा फोटो असेल आणि लेख त्या फोटोबद्दलच नसेल तर सोडून द्या. लेखात न वापरता नुसता ठेवला तर ७ दिवसांत जातो. स्पॅनिश विकिपीडियावर ही सोयच नाही, तेव्हा आपापल्या भाषेचं धोरण आधी वाचा.

डिलीट झालेली फाइल पुसली जात नाही, प्रशासकांना ती दिसते, म्हणून दुसऱ्या नावाने परत चढवू नका, अनडिलीशनच्या पानावर नवा पुरावा घेऊन जा. आणि अडचण फक्त मुदतीची असेल (वरच्या १९४८ च्या फोटोसारखी) तर डिलीशनच्या चर्चेतच सांगा की हा ‘अनडिलीट इन २०४४’ या वर्गात टाका, असे वर्षावार वर्ग खरंच आहेत, त्या वर्षी कोणीतरी यादी काढून फाइली परत आणतं.