पुटचा व्हॉल्यूम वाढला म्हणजे मंदीवाले वाढले का?

"मामा, हे बघा, पुटमध्ये केवढं काम चाललंय! अजून पडणार हा." सांगलीच्या गणपती पेठेत चहा घेता घेता भाच्यानं मोबाईल पुढं केला. महिनाभर उतरत चाललेला एक आयटी शेअर. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क, शेअर पडला की त्याची किंमत चढते. १४०० ला विकण्याच्या पुटसमोर व्हॉल्यूम ९,००० कॉन्ट्रॅक्ट. शेजारच्या रकान्यात ओपन इंटरेस्टमधला बदल, फक्त ४००. तो रकाना त्यानं वाचलाच नव्हता.

नवख्यांची गल्लत इथंच होते आणि पैसे जातात, म्हणून नीट सांगतो.

आपल्या हळदीचंच घ्या. शंभर पोत्यांचा माल एका दिवसात तीन हात फिरला तर उलाढाल तीनशे पोत्यांची, पण गोदामात पोती शंभरच. व्हॉल्यूम म्हणजे ही उलाढाल, रोज सकाळी शून्यापासून मोजायची. ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून न मिटलेले सौदे. संध्याकाळी बाजार बंद झाला तरी ते उभेच राहतात. नवा घेणारा आणि नवा विकणारा भेटले की तो एकानं वाढतो. जुन्यानं आपला सौदा नव्याला दिला तर आहे तसाच राहतो. दोघंही जुने असतील आणि दोघांनी सौदा मिटवला तर एकानं घटतो. व्हॉल्यूम मात्र तिन्ही वेळा एकानं वाढतोच.

म्हणजे ९,००० सौदे झाले, पण दिवसाअखेर उभ्या सौद्यांत भर पडली ४०० चीच. बाकीची सगळी ये-जा.

आणि हे ४०० तरी मंदीवाल्यांचे कशावरून? प्रत्येक पुटमागं एक घेणारा असतो, तसा तो विकणारा एक रायटरही असतो. "१४०० च्या खाली जात नाही" असं मानून प्रीमियम, म्हणजे पुटची किंमत, खिशात घालणारा तो. शेअर जागचा हललेला नसताना ओपन इंटरेस्ट वाढतोय आणि प्रीमियम उतरतोय, तर जोर बहुधा विकणाऱ्यांचा. प्रीमियमही चढत असेल तर घेणाऱ्यांचा. खात्री कुणालाच देता येत नाही, कल तेवढा कळतो.

आरएसआय, म्हणजे भावाच्या चढउताराचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणारा चार्टवरचा आकडा, ३० च्या खाली गेला म्हणून शेअर वर वळेलच, असंही नाही. उतरत्या शेअरमध्ये तो आठवडाभर तिथंच पडून राहू शकतो. निकालाच्या तोंडावर तर चार्टवर विसंबूच नये. इन्फोसिसचे निकाल १३ एप्रिल २०२३ ला बाजार संपल्यावर आले. पुढचे तीन दिवस बाजार बंद. सोमवारी, १७ तारखेला, शेअर ९ टक्क्यांहून जास्त पडला. मधे बाहेर पडायला जागाच नव्हती.

भाच्याला म्हटलं, आता त्याच शेअरचं फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, उघड. भाव उतरताना ओपन इंटरेस्ट वाढला तर नवे मंदीवाले शिरतायत, शॉर्ट बिल्डअप. भावाबरोबर तोही घटला तर जुने तेजीवाले माल सोडतायत, लाँग अनवाइंडिंग. त्यानं बघितलं. भाव दोन टक्के खाली, ओपन इंटरेस्टही खाली. पुट घ्यायला उघडलेली ऑर्डर त्यानं तशीच बंद केली.