बीरगंजचा नाका: नेपाळच्या बंदरवाटेची पार्श्वभूमी

नेपाळसाठी सर्वांत सोयीचं बंदर कोलकाता, आणि तिथून भारत-सीमेवरचा बीरगंजचा नाका रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटर. २०१५मध्ये काठमांडूत गॅस का मिळेनासा झाला हे समजून घ्यायचं तर आधी हा नाका समजून घ्यावा लागतो.

नेपाळवर राणा घराण्याची सत्ता होती त्या काळात तराईचं, म्हणजे दक्षिणेच्या सखल पट्ट्याचं, मलेरियाग्रस्त जंगल हीच देशाची तटबंदी होती. रस्ता बांधणं म्हणजे शत्रूला वाट दाखवणं, असा हिशेब. १९२३च्या ब्रिटिश-नेपाळ तहाने नेपाळ सरकारच्या मालावरची जकात भारतीय बंदरांत माफ झाली. १९२७ साली बीरगंजसमोरच्या भारतातल्या रक्सौलहून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत छोटी रेल्वे आली. पुढे भीमफेदीपर्यंत लॉरी आणि तिथून डोंगरापलीकडे रोपवे किंवा माणसांच्या पाठी. राणांच्या मोटारीसुद्धा हमालांनी खांद्यावरून काठमांडूत नेल्या. भारताच्या मदतीने बांधलेल्या त्रिभुवन राजपथावर वाहनं धावू लागली ती १९५६मध्ये.

तोवर वाटेचा प्रश्न कागदावर आला होता. भारताशी झालेल्या १९५०च्या करारात व्यापार आणि पारवहन (दुसऱ्या देशातून आपला माल नेणं-आणणं) एकत्रच होतं. व्यापार ही देवाणघेवाण आहे, समुद्राकडे जाण्याची वाट हा हक्क आहे, म्हणून करार दोन हवेत, ही नेपाळची मागणी १९७८मध्ये मान्य झाली. मार्च १९८९मध्ये दोन्ही करारांची मुदत संपली. भारताला पुन्हा एकच करार हवा होता, शिवाय नेपाळने चीनकडून घेतलेल्या शस्त्रांचा रागही होता. बहुतेक नाके बंद झाले, रॉकेल संपलं आणि चुलीसाठी जंगलावर कुऱ्हाड पडली. १९९१मध्ये पुन्हा दोन वेगळे करार झाले.

करार असला तरी खर्च सुटत नाही. कोलकात्यात एजंट पारवहनाचं घोषणापत्र भरतो, कंटेनरला सील लागतं आणि बीरगंजला ते तपासलं जातं. सील तुटलेलं किंवा कागदात तफावत निघाली की माल अडतो आणि कंटेनरचं भाडं दिवसागणिक चढतं. निर्यात आयातीच्या तुलनेत फारच कमी, त्यामुळे बरेच कंटेनर रिकामे परततात आणि तो भुर्दंडही शेवटी गिऱ्हाइकावरच. आयात-निर्यातीतली ही तूट भरून निघते ती परदेशी गेलेल्या माणसांच्या पैशातून, जो देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढा आहे. समुद्र नसलेल्या या देशाची मुलं रत्नागिरीच्या मासेमारी नौकांवर खलाशी असतात!

सप्टेंबर २०१५मध्ये नवी राज्यघटना आली, तीवर नाराज असलेल्या तराईतल्या मधेसी आंदोलकांनी सीमेवर ठाण मांडलं आणि जेमतेम पाच महिन्यांपूर्वी भूकंपाने मोडलेल्या देशाचं इंधन आटलं. नेपाळने याला भारताची नाकेबंदी म्हटलं, भारताने ते नाकारलं. गॅस अर्ध्या भरलेल्या सिलिंडरमधून वाटला गेला. फेब्रुवारी २०१६मध्ये नाका सुरळीत झाला.

त्याच वर्षी चीनशी पारवहन करार झाला. २०१९च्या पूरक कराराने त्यात चार चिनी बंदरं आली, पण त्यांतलं तियानजिन ३,००० किलोमीटरहून दूर आहे. कागदावरचा पर्याय म्हणून तो ठीक आहे. प्रत्यक्षात, २०१९मध्येच बिहारमधल्या मोतिहारीहून ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली आणि ती पोहोचते १९२७ची रेल्वे जिथे थांबली त्याच अमलेखगंजला. उत्तरेला चीनच्या सीमेवरचं तातोपानी नाकं भूकंपानंतर चार वर्षं बंद राहिलं. त्याच सीमेवरचा रसुवागढीचा मितेरी पूल जुलै २०२५च्या पुरात वाहून गेला.